उपचार चालू असलेल्या गाईंचे शेण परसबागेच्या खतासाठी वापरावे का?

प्रश्न : परसबाग, वाई

नमस्कार. वाईजवळ आमची साधारण चार गुंठ्यांची परसबाग आहे. वांगी, दोडका, घेवडा, थोडी हळद आणि घरापुरती मेथी, पालक, कोथिंबीर व मुळा एवढे तीत निघते. शेजारच्या गोठ्यात दहा-बारा संकरित गाई आहेत आणि त्यांचे मालक आम्हाला हवे तेवढे शेण अनेक वर्षांपासून आपुलकीने देत आले आहेत. आम्ही ते कुंपणालगतच्या खड्ड्यात टाकतो आणि मृग लागण्यापूर्वी निघालेले खत वाफ्यांत पसरतो.

या पावसाळ्यात त्या गोठ्यात आजारपण फार झाले. दोन गाईंना दगडी (कासेचा दाह) झाली, म्हणून सडांत औषधाच्या नळ्या सोडाव्या लागल्या आणि इंजेक्शनेही द्यावी लागली. एकीला गोचीडताप आला. तिला ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक दिल्याचे मालकांनी सांगितले. शिवाय जंत आणि गोचीड यांसाठी बहुतेक जनावरांना आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन झाले. उपचार झालेल्या गाईंचे दूध काही दिवस डेअरीला घालू नये, असे डॉक्टरांनी बजावले होते आणि मालकांनी ते पाळलेही. शेणाबद्दल मात्र कोणी काहीच बोलले नाही आणि ते नेहमीप्रमाणे आमच्या खड्ड्यात येत राहिले.

या औषधांचा किती अंश शेणात उतरतो, शेण कुजल्यावर तो नाहीसा होतो का, आणि उरलाच तर भाजीत शिरतो का, हे मला समजून घ्यायचे आहे. घरातली लहान नातवंडे मुळा आणि कोथिंबीर कच्चीच खातात, त्यामुळे हा प्रश्न मनातून जात नाही. गावात विचारले तर काही जण म्हणतात की मातीत सगळे जिरते, आणि काही जण म्हणतात की तो खड्डाच बुजवून टाका. या दोन्ही उत्तरांनी माझे समाधान झालेले नाही.

उत्तर : गोठ्यावरचा पशुवैद्यक

आपला प्रश्न अगदी रास्त आहे, आणि खरे तर तो उपचार चालू असतानाच गोठ्यात विचारला जायला हवा. औषधाच्या वेष्टनावर जो वर्ज्य काळ, म्हणजे उपचारानंतर थांबायचे दिवस, दिलेला असतो, तो माणसाच्या खाण्यात जाणारे दूध आणि मांस एवढ्यांसाठीच ठरवलेला असतो. २०१२ साली औषध नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, एखाद्या औषधाचा असा काळ निश्चित झालेला नसेल तर दूध आणि अंडी यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरावे लागतात. शेणाचा त्या हिशेबात विचारच नाही. म्हणून दूध पुन्हा डेअरीला जाऊ लागले म्हणजे शेणही निर्धोक झाले, असा अर्थ कोणी काढू नये.

आता आपण सांगितलेल्या औषधांबद्दल. दगडीसाठी सडांत सोडलेल्या नळ्यांमधील औषध मुख्यतः त्या सडाच्या दुधातूनच बाहेर येते, शेणात त्याचा वाटा थोडा असतो. खरी गफलत इथेच होते. टाकून द्यायचे ते दूध बहुतेक गोठ्यांत शेणाच्या ढिगावरच ओततात, आणि मग ज्या शेणात औषध फारसे नव्हते त्यातही ते भरपूर जाते. आपल्या मालकांना हे दूध खड्ड्यात न ओतण्याची विनंती अवश्य करा. पेनिसिलिनच्या कुळातली इंजेक्शने बहुतांशी मूत्रावाटे निघून जातात, आणि त्या कुळातले औषध ओलाव्यात व जिवाणूंच्या सहवासात तुलनेने लवकर मोडते. त्याची मला फारशी चिंता वाटत नाही.

ऑक्सिटेट्रासायक्लिनचे तसे नाही. त्याचा बराच भाग शरीरात न बदलता मूत्र आणि शेण या दोन्हींतून बाहेर पडतो, आणि दीर्घकाळ परिणाम टिकवणारे इंजेक्शन असेल तर ते पडणे अनेक दिवस चालू राहते. आयव्हरमेक्टिन तर प्रामुख्याने शेणातूनच बाहेर येते. इंजेक्शननंतर पुढचे दोन-तीन आठवडे त्या जनावराच्या शेणात ते इतके असते की शेणकिड्यांच्या आणि शेणात अंडी घालणाऱ्या माश्यांच्या अळ्या त्यात जगत नाहीत. पावसाळ्यात गायरानात पडलेला शेणाचा पोवटा शेणकिडे एरवी पाहता पाहता पोखरून जमिनीत नेतात; तोच पोवटा दीर्घकाळ जसाच्या तसा वाळून पडलेला दिसला, तर मी मालकाला सर्वात आधी जंतनाशक कधी दिले ते विचारतो. फेनबेंडाझोलसारखी जंतनाशके या कीटकांना बरीच कमी घातक असतात, त्यामुळे पर्याय असेल तेव्हा डॉक्टरांशी त्याबद्दल जरूर बोलावे. एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. शेणाच्या काळजीपोटी गाईचा उपचार कोणी टाळू नये किंवा अर्धवट सोडू नये. अर्धवट सोडलेले प्रतिजैविक गाईलाही घातक ठरते आणि औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंनाही वाव देते.

आणखी एक खुलासा करतो, कारण लोक या दोन गोष्टी एकत्र करतात. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ साली बंदी आली ती गिधाडांमुळे. ते औषध दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. तो प्रश्न मृत जनावराचा आहे, शेणखताचा नव्हे.

उत्तर : माती आणि जिवाणू

डॉक्टरसाहेबांनी गोठ्याची बाजू नीट मांडली आहे, म्हणून मी फक्त कुजण्याच्या प्रक्रियेत काय होते तेवढे लिहितो.

ऑक्सिटेट्रासायक्लिनबद्दल अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील संशोधकांचे काम इथे थेट उपयोगी पडते, कारण त्यांनी खरोखर उपचार दिलेल्या वासरांचेच शेण घेतले होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात, नीट तापलेल्या ढिगात पहिल्या सहा दिवसांतच त्या औषधाचे प्रमाण सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. तेच शेण साध्या खोलीच्या तापमानाला ठेवले तेव्हा पाच आठवड्यांनंतरही घट एक चतुर्थांशापेक्षा जास्त झाली नाही. आपल्या प्रश्नाचे मर्म मला या फरकात दिसते. शेण नुसते साठून राहणे आणि शेण तापून कुजणे या अगदी वेगळ्या क्रिया आहेत, आणि आपल्याकडचा उकिरडा किंवा खड्डा बहुधा पहिल्या प्रकारात मोडतो. तळाशी ओल साचते, हवा आत जात नाही, ढीग तापत नाही, आणि वर्षभरानंतर काळे दिसणारे खत निघाले तरी त्याने आपल्याला हवी ती उष्णता कधी पाहिलेलीच नसते.

तरीही ९५ टक्के या आकड्यावर निर्धास्त होऊ नये. अशा चाचण्यांत द्रावक वापरून जेवढे औषध काढता येते तेवढेच मोजले जाते. टेट्रासायक्लिनचा काही भाग मोडतो, तर काही भाग सेंद्रिय पदार्थांना, कॅल्शियमसारख्या घटकांना आणि पुढे मातीतल्या चिकणकणांना घट्ट धरून बसतो. असा बांधला गेलेला भाग पिकाला सहज मिळत नाही ही चांगली गोष्ट आहे, पण तो संपला असे म्हणता येत नाही.

शिवाय सगळी औषधे सारखी वागत नाहीत. मिनेसोटातील संशोधकांनी २००८ साली टर्कीच्या खतावर केलेल्या प्रयोगात क्लोरटेट्रासायक्लिन ९९ टक्क्यांहून अधिक घटले, टायलोसिन आणि मोनेन्सिन ५४ ते ७६ टक्क्यांच्या दरम्यान घटले, आणि सल्फामेथाझिन मात्र जराही घटले नाही. म्हणजे सल्फा गटातले औषध दिले असेल तर कुजवण्यावर सारी भिस्त ठेवता येत नाही. एन्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधेही चिवट असतात. ती मातीला इतकी घट्ट बसतात की मुळांपर्यंत फारशी पोचत नाहीत, पण त्याच कारणाने मातीत दीर्घकाळ राहतात. आयव्हरमेक्टिनचे गणित ऊन आणि उष्णता यांच्याशी जोडलेले आहे. उघड्यावर ठेवलेल्या शेण-मातीच्या मिश्रणात ते निम्मे व्हायला अमेरिकेतील एका अभ्यासात उन्हाळ्यात ७ ते १४ दिवस लागले, तर हिवाळ्यात ९१ ते २१७ दिवस. आपल्याकडे तिकडच्यासारखी थंडी नाही हे आपल्या पथ्यावर पडते, पण खड्ड्यात खोल दडपलेल्या शेणाला ऊन लागत नाही हेही लक्षात ठेवावे.

भाजीत उतरण्याबद्दल बोलायचे तर मिनेसोटातीलच एका अभ्यासात, औषधयुक्त खत घातलेल्या मातीतून मका, कांद्याची पात आणि कोबी यांनी क्लोरटेट्रासायक्लिन शोषल्याचे दिसले. प्रमाण अगदी अल्प होते, पण शून्य नव्हते. टायलोसिन मात्र त्या पिकांत आढळले नाही. एवढ्याशा प्रमाणाने मुलांना औषधाची बाधा होईल असे मी म्हणणार नाही. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंची बाब. उपचार चालू असलेल्या गाईच्या आतड्यात असे जिवाणू वाढतात आणि शेणातून बाहेर येतात. कच्च्या मुळ्याला अर्धवट कुजलेले शेण चिकटून आले, तर आधी विचार या जिवंत जिवाणूंचा करायला हवा. ढीग नीट तापला तर त्यांतले बहुतेक मरतात. त्यांच्यातली प्रतिकाराची जनुके घटतात, मात्र ती दर वेळी पूर्ण नाहीशी होतातच असे नाही.

उत्तर : पाचट आणि शेण

वरच्या दोन्ही उत्तरांचा निष्कर्ष ढीग तापवण्यावर येतो, म्हणून तो आपल्या भागात कसा तापवायचा ते सांगतो. आमच्याकडे उसाचे पाचट मुबलक आहे आणि वाई परिसरातही ते मिळायला अडचण पडू नये.

पहिली गोष्ट म्हणजे खड्डा सोडून जमिनीवर ढीग करा, आणि तो ओढ्यापासून व विहिरीपासून लांब, थोड्या उंचवट्यावर असू द्या. ढीग लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही बाजूंनी निदान चार फुटांचा हवा, कारण त्याहून लहान ढिगातली उष्णता टिकत नाही. ताजे शेण फार ओले असते आणि त्यात हवा खेळत नाही. म्हणून एक घमेले शेणाला दोन ते तीन घमेली बारीक तोडलेले पाचट, वाळका पाला किंवा गव्हाचा भुसा घाला. अख्खे लांब पाचट टाकले तर ढीग पोकळ राहतो आणि कोरडा पडतो, त्यामुळे कोयत्याने वीतभर तुकडे करण्याचे कष्ट घ्यावेतच. मिश्रण मुठीत घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीतून पाण्याचा एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पाचट वाढवा आणि मूठ उघडताच सारे भुरभुरले तर पाणी शिंपडा.

ढीग रचल्यावर एक लोखंडी सळई मधोमध खुपसून ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती उपसून आतल्या टोकाला हात लावा. हात क्षणभरही ठेववत नसेल तर काम सुरू झाले. परवडत असेल तर लांब दांड्याचा तापमापक घ्यावा, कारण या कामात अंदाजापेक्षा आकडा बरा. अमेरिकेच्या सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या नियमांत लांब रचलेल्या ढिगासाठी ५५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमान १५ दिवस राहावे आणि त्या काळात ढीग पाच वेळा परतला जावा, अशी अट आहे. ही अट रोगजंतूंसाठी घातलेली आहे, औषधांसाठी नव्हे, पण आपल्याला तिचाच आधार घेता येतो. परतताना बाहेरचा थर आत आणि आतला बाहेर गेला पाहिजे, नाहीतर कडेचे शेण कच्चेच राहते. थंडीत सकाळी ढीग फोडला की वाफ उसळते आणि वीतभर खाली राख भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसतो. तो पाहून अनेक जण घाबरतात. उष्णतेत वाढणाऱ्या जिवाणूंचा तो थर असतो आणि ढीग उत्तम चालल्याची ती खूण आहे.

परतूनही ढीग पुन्हा तापेनासा झाला की त्याला मुरायला निदान तीन-चार महिने द्या. गांडुळे सोडायची असतील तर ती याच टप्प्यावर, पूर्ण थंड झालेल्या ढिगात सोडावीत. पावसात वरून ताडपत्री हवीच, कारण ढिगातून वाहून जाणाऱ्या तपकिरी पाण्याबरोबर औषधही जाते आणि खताचा कसही जातो.

खत करण्याच्या नाडेप टाक्याबद्दल कोणी विचारील म्हणून सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत शेण फार थोडे लागते; १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच टाक्याला सुमारे १०० किलो शेण पुरते आणि बाकी सारा काडीकचरा व माती असते. शेण कमी म्हणजे औषधाचा अंशही कमी, हा त्याचा फायदा आहे. मात्र टाके एकदा लिंपले की ते परतत नाहीत, त्यामुळे उपचारकाळातल्या शेणासाठी मी परतण्याचा ढीगच निवडीन आणि नाडेप टाके निरोगी गाईच्या शेणासाठी ठेवीन.

प्रश्नकर्त्याकडून : परसबाग, वाई

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मालकांशी बोलणे झाले. दुधाची गोष्ट खरी निघाली. टाकायचे दूध खड्ड्याच्या कडेलाच ओतले जात होते आणि ते त्यांनी लगेच थांबवले. त्यांच्या वहीत औषधांची नोंद आहे आणि तीत सल्फा गटातले काही नाही.

दोन शंका उरल्या आहेत. खड्ड्यातले सध्याचे शेण उपसून नव्याने ढिगात घातले तर चालेल का? आणि आम्ही दर पंधरवड्याला याच गोठ्यातले ताजे शेण आणि गोमूत्र घेऊन जीवामृत करतो आणि ते पालेभाज्यांना देतो. त्याचे काय करावे?

उत्तर : माती आणि जिवाणू

जीवामृताचा मुद्दा आपण काढलात ते फार बरे झाले, कारण माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली सर्वात नाजूक जागा तीच आहे. रूढ कृतीत २०० लिटर पाण्यात १० किलो ताजे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती घालून ते मिश्रण दोन-तीन दिवस सावलीत ढवळत ठेवतात. यात तापण्याचा टप्पाच नाही. औषध मोडायला आवश्यक ती उष्णता नाही, पुरेसा काळही नाही, आणि गूळ-बेसनावर जे जिवाणू वाढवायचे त्यांत औषधाला दाद न देणारेही वाढतात. त्यातच गोमूत्र वापरले जाते, ज्यातून पेनिसिलिन, सल्फा आणि टेट्रासायक्लिन यांचा मोठा भाग बाहेर पडतो. म्हणून जीवामृतासाठी शेण आणि गोमूत्र त्याच गाईचे घ्यावे, जिला अलीकडे कोणतेही औषध झालेले नाही. गोठ्यातल्या बहुतेक जनावरांना आयव्हरमेक्टिन झाले असेल तर इंजेक्शनपासून निदान दीड-दोन महिने जीवामृत थांबवावे किंवा दुसरीकडचे शेण आणावे. आणि शेण कोणाचेही असले तरी जीवामृत पालेभाजीच्या पानांवर न शिंपडता मुळाशी, मातीतच द्यावे.

उत्तर : पाचट आणि शेण

खड्ड्यातले शेण जरूर उपसा. जुने शेण थोडे थंड झालेले असते, त्यामुळे नुसत्या पाचटाने ते तापत नाही. त्यात निरोगी गाईचे ताजे शेण किंवा गिरिपुष्पासारखा हिरवा पाला साधारण एक चतुर्थांश मिसळा, म्हणजे ढीग पुन्हा पेट घेतो. उपसताना हुमणीच्या पांढऱ्या, इंग्रजी सी आकारात वळलेल्या अळ्या दिसल्या तर त्या वेचून काढा. त्या खतातून वाफ्यात गेल्या तर हळदीचे नुकसान ठरलेले आहे.

तयार खत पहिल्या वर्षी फुलझाडे, वांगी, दोडका आणि घेवडा यांना द्या. मुळा, कोथिंबीर आणि पालक यांच्या वाफ्यांत दुसऱ्या, औषधाचा संबंध नसलेल्या ढिगाचेच खत जाऊ द्या. या खड्ड्यातले कच्चे शेण आधीच एखाद्या वाफ्यात पडले असेल, तर वर उल्लेखलेल्या त्याच सेंद्रिय नियमांतला दुसरा दंडक पाळता येईल. ज्या पिकाचा खाण्याचा भाग मातीला लागतो त्याच्या काढणीपूर्वी किमान १२० दिवस आणि इतर पिकांच्या काढणीपूर्वी किमान ९० दिवस कच्चे शेण घालू नये, असा तो दंडक आहे. म्हणजे तशा वाफ्यात या हंगामात मुळ्याऐवजी दोडक्याचा वेल चढवावा.

उत्तर : गोठ्यावरचा पशुवैद्यक

मालक वही ठेवतात हे वाचून समाधान वाटले. त्या वहीत औषधाच्या नावापुढे "शेण वेगळे, अमुक तारखेपर्यंत" असा एक रकाना वाढवायला त्यांना सांगा. सर्वसाधारण प्रतिजैविकासाठी शेवटच्या मात्रेनंतर दोन आठवडे आणि आयव्हरमेक्टिनसाठी सहा आठवडे धरले तर परसबागेपुरती पुरेशी सावधगिरी होते. त्या काळात ती गाय गोठ्याच्या एका टोकाला बांधली की तिचे शेण वेगळे उचलणे गड्यालाही सोपे जाते. गोचीड मारायला डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन फवारले असेल, तर त्यानंतर गाई धुतलेले पाणी ढिगाकडे किंवा ओढ्याकडे वळू देऊ नका. ही औषधे माशांना अत्यंत विषारी आहेत आणि आपल्याकडचे ओढे कृष्णेलाच मिळतात. पुढच्या वेळी जंतनाशक द्यायची वेळ आली की आधी शेणाचा नमुना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्यायला मालकांना सुचवा. ज्या जनावरांत जंतांची अंडी सापडतील त्यांनाच औषध दिले, तर उरलेल्यांचे शेण आपल्याला बिनधास्त वापरता येईल.